धुळ्यातली हेराल्ड

पुढे इंजिन आणि मागच्या चाकांना जोर, अशी अस्सल स्पोर्ट्स कार खानदेशच्या वाट्याला फारशी आली नाही. परंतु तिच्या भावकीतली म्हणता येईल अशी एक मोटार, हेराल्ड, मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने 1961 पासून आपल्याकडे बांधली. इटलीच्या मिकेलोत्तीने तिचे रूप रेखले, ट्रायम्फ स्पिटफायरचेही त्यानेच रेखले, आणि 1962 साली आलेल्या त्या स्पिटफायरचा सांगाडा हेराल्डवरूनच बेतलेला होता. तेव्हा 948 सी.सी.वर संतुष्ट असलेल्या या गाडीस त्या कुळात पंगतीला बसवण्यास माझी हरकत नाही.

ती घेऊ पाहणारे गृहस्थ आधी रंग न्याहाळतात, मग इंजिनाचा आवाज ऐकतात. मी प्रथम दप्तर मागतो. आरसी बुकातील चासी क्रमांक लोखंडावरील आकड्यांशी ताडून घ्यावा, मूळ धन्यापासून विक्रेत्यापर्यंत मालकीचे फेरफार अखंड आहेत याची खातरजमा करावी, आणि मगच लोहचुंबक घेऊन रंगाखाली लपलेली लांबी शोधावी. कारण इंजिन पुन्हा बांधता येते, गहाळ दस्तऐवज मात्र कोणत्याही मिस्त्रीला बांधता येत नाही. हेराल्डची बॉडी वेगळ्या चासीवर बोल्टांनी बसवलेली असल्याने वरून नवरीसारखी सजलेली गाडी खालून पार कुजलेली असू शकते. समुद्राकाठच्या चकचकीत गाडीपेक्षा अमळनेरच्या एखाद्या वाड्यात धूळ खात पडलेली गाडी मी अधिक दाम देऊन घेईन.

आमच्या कोरड्या हवेत पत्रा टिकतो खरा, परंतु जळगावचा मे महिना रबराला क्षमा करत नाही. होज तडकतात, बोअरच्या जड पाण्याचे क्षार रेडिएटरच्या नळ्यांत साचतात, आणि भर दुपारी थांबवलेल्या गाडीच्या पंपात पेट्रोलची वाफ होऊन ती पुन्हा सुरू होण्यास नकार देते. तेव्हा पंपावर ओले फडके ठेवून चहा घेणे, एवढाच उपाय. हल्लीच्या पेट्रोलातील इथेनॉल जुन्या नळ्या आतून खाते, म्हणून त्या सर्व बदलून टाकणे इष्ट.

या गाडीचे बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटते. पुढच्या टायरवर बसून काम करण्याचे जे सुख त्यामुळे लाभते, ते आजच्या कोणत्याही मोटारीत नाही. तेथे बसले की पुढच्या चाकाच्या आत, खालच्या अंगास, ट्रनियन नावाचा पितळी तुकडा दिसतो. उभा दांडा त्यात आट्यांनी बसलेला असतो आणि चाक वळते ते त्या आट्यांवरच. तेथे नव्वद नंबरचे गिअर ऑइल घालावयाचे असते, ग्रीस नव्हे. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही, पाणी मुरते, दांडा गंजतो, आणि एखाद्या वळणावर चाक आडवे होते. गॅरेजमधला पोरगा ग्रीस गन घेऊन तिकडे वळला, की मी त्याला सौम्यपणे परंतु निश्चयाने चहा आणावयास पाठवतो.

पन्नास वर्षे उलटलेल्या मूळ स्थितीतील गाड्यांना 2021 च्या केंद्रीय नियमांनी निराळी नोंदणी देऊ केली आहे. शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षे. मात्र त्या पाटीवर नित्याचा वापर वर्ज्य. मला धुळ्याच्या पाचकंदिलावर भाजी आणावयास गाडी लागते, म्हणून मी साध्या नोंदणीचेच नूतनीकरण करतो आणि पर्यावरण कर भरतो.