आगगाडीची पाऊलवाट

चढ म्हणजे काय हे सायकलस्वाराइतके कोणालाच ठाऊक नसते. मोटारीतल्या माणसाला जो रस्ता सपाट भासतो आणि पायी चालणाऱ्याला जेमतेम चढणीचा वाटतो, त्याचा शेकडा हिशेब सायकलस्वाराच्या मांड्या बिनचूक सांगतात. मात्र हे ज्ञान आमच्याही आधी ज्यांना संपादन करावे लागले ते आगगाडीचे इंजिनियर. पोलादी चाक पोलादी रुळावर चालते तेव्हा त्याची पकड फार थोडी असते. चढ जरा वाढला की चाक जागच्या जागी गरगरू लागते. म्हणूनच १८६३ साली बोरघाटातला लोहमार्ग खुला झाला तो सदतीस फुटांस एक फूट एवढाच चढ राखून, डोंगराला वळसे घालीत आणि बोगद्यांतून वाट काढीत वर नेलेला होता. वाफेच्या इंजिनाची ही दुर्बलता आणि साठी उलटलेल्या माणसाच्या गुडघ्यांची दुर्बलता ह्यांचे प्रमाण जवळजवळ सारखेच आहे, ह्याचा शोध मला गेल्या वसंतात लागला, आणि तोही स्पेन देशात.

त्या देशाच्या ईशान्य कोपऱ्यात, कातालोनियात, ओलोत नावाचे डोंगरातले एक गाव आहे. तेथून जिरोना शहरापर्यंत पूर्वी एक चिमुकली आगगाडी धावत असे. रुळांमधले अंतर अवघे ७५० मिलिमीटर. म्हणजे आपल्या जुन्या बार्शी लाईटपेक्षाही अर्धा इंच कमीच. ही गाडी ओलोतला पोहोचली १९११ साली. जिरोनाहून समुद्रकाठच्या सांत फेलिऊ दे गिशोल्स ह्या बंदरापर्यंत तितक्याच रुंदीची दुसरी गाडी १८९२ पासून होतीच. पुढे मोटारींचे आणि मालमोटारींचे राज्य आले, आणि १९६९ साली दोन्ही गाड्या बंद पडल्या. रूळ उखडले गेले, भराव मात्र राहिले. १९९३ पासून त्या देशात अशा मृत लोहमार्गांवर मोटारींना मज्जाव करून ते पादचाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी राखण्याची योजना सुरू झाली. 'हिरवे मार्ग' असे त्यांना म्हणतात, आणि आज देशभर त्यांची लांबी तीन हजार किलोमीटरांहून अधिक आहे. ज्या मोटारीने आगगाडीचा प्राण घेतला, तिच्यापासून सुटका हवी असेल तर माणसाने त्या आगगाडीच्याच अस्थींवरून जावे, ही मौज मला मोठी विलक्षण वाटली.

माझी कन्या नोकरीनिमित्त बार्सिलोनात राहते. तिनेच हा बेत ठरवला. ओलोत ते जिरोना चोपन्न किलोमीटर, जिरोना ते समुद्र आणखी एकोणचाळीस. "बाबा, तुम्हाला झेपेल. बहुतेक वाट उताराचीच आहे," असे तिने फोनवर सांगितले तेव्हा तिच्या स्वरात जी किंचित दया होती ती मी ऐकली नाही असे दाखवले.

वास्तविक आमच्या घरात सायकलीचा वारसा मजकडे, आणि तिच्याकडे काहीच नाही. मी पुण्यात वाढलो तेव्हा दोन सायकली शेजारी शेजारी धरून गप्पा मारीत कॉलेजला जाणे ही जगातील सर्वांत स्वाभाविक गोष्ट होती. माझ्या मुलीने नववीत सायकल मागितली तेव्हा ती मी घेऊन दिली नाही. ज्या रस्त्यावरून तिला शाळेत जावयाचे होते त्या रस्त्यावर त्याच वर्षी एका मालमोटारीखाली एक मुलगा सापडला होता. तो नकार मला आजही योग्यच वाटतो. परिणाम इतकाच झाला की सायकल चालवावयास ती शिकली परक्या देशात, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, आणि आता ती मला वाट दाखवीत पुढे निघाली होती.

ओलोतला आम्ही भाड्याने घेतलेल्या सायकली खास अशाच वाटांसाठी केलेल्या होत्या. मूठ शर्यतीच्या सायकलीसारखी खाली वळलेली, पण टायर चांगले दीड इंच रुंद आणि हवा मुद्दाम थोडी कमी भरलेली. डांबर येथे क्वचितच लागते. बहुतेक वाट दाबून बसवलेल्या खडीची आणि भरड मुरमाची. मुरमावरून चाक जाताना जो करकर आवाज होतो तो ज्याने ऐकला आहे त्याला डांबरी रस्ता मुका वाटेल. कोकणात लहानपणी आजोळी जाताना बैलगाडीखालचा रस्ता असाच बोलत असे.

आरंभी थोडा चढ आहे. ओलोतहून कॉल दन बास ह्या खिंडीपर्यंत वाट हळूहळू वर जाते, इतकी हळू की आपण चढत आहो हे दम सांगतो, डोळे सांगत नाहीत. हा सारा मुलूख ज्वालामुखींचा. आता थंडावलेले, झाडीने झाकलेले चाळीसएक शंकू ह्या भागात आहेत, आणि बांधाबांधांतून जो दगड डोकावतो तो आपला ओळखीचा काळा पाषाण. सह्याद्रीचा दगड सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, हा त्याच्यापुढे कालचे पोर. परंतु परदेशात काळा दगड दिसला की मऱ्हाटी माणसाला उगाच घरी आल्यासारखे वाटते, वयाची चौकशी तो करीत नाही.

खिंड ओलांडली आणि उतार लागला. ह्या उताराचे वर्णन कसे करावे? घाटातला उतार माणसाला घाबरवतो. ब्रेकवरून बोटे निघत नाहीत. हा उतार कोणी वडीलधाऱ्याने पाठीवर हात ठेवून पुढे न्यावे तसा होता. ब्रूजेंत नदी सोबतीला, बीचच्या झाडांना नुकती फुटलेली पोपटी पालवी, आणि मागून भोंगा वाजण्याची भीती नाही. गावांतून जाताना मधूनमधून हमरस्ता आडवा येतो, तेथे उतरून दोन्हीकडे पाहावे लागते. तेवढाच काय तो त्रास. आमेर गावाच्या अलीकडे माझ्या ध्यानात आले की आम्ही दोघे कितीतरी वेळ शेजारी शेजारी चाललो आहोत आणि बोलत आहोत.

तीन वर्षे फोनवर जे ती बोलली नव्हती ते तिने तेथे सांगितले. ती परत येणार नव्हती. तेथेच कायमचे राहण्याचा तिचा विचार ठरला होता. समोरासमोर बसून हे सांगताना माणसाला दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहावे लागते. सायकलवर दोघांचेही डोळे वाटेवर असतात. मी काही वेळ बोललो नाही. मुरूम करकरत होता, आणि त्या आवाजामुळे माझे मौन तिला फारसे जड गेले नसावे. मग मी विचारले, "घर भाड्याचेच ठेवणार की विकत घेणार?" ती एकदम हसली. मला वाटते, ह्या प्रश्नात माझी संमती तिला ऐकू आली.

रात्र जिरोनात काढून दुसऱ्या दिवशी आम्ही समुद्राकडे निघालो. हा प्रदेश बुचाच्या ओकांचा. दर दहाबारा वर्षांनी ह्या झाडाची साल सोलून काढतात आणि झाड जिवंत राहते. सोललेला बुंधा मात्र तांबूस, उघडा दिसतो. ह्याच बुचाच्या जोरावर येथली आगगाडी उभी राहिली होती, कारण माल बंदरावर न्यावयाचा असे. कासा दे ला सेल्वा ह्या गावी वाटेकडेच्या बाकावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. तरुणपणी ते ह्याच गाडीने जिरोनाला जात असत. वाट कशी वाटते, असे कन्येने त्यांना माझ्यावतीने विचारले. ते म्हणाले, "वाट सुरेख आहे. पण माझ्या नातीला रोज जिरोनाला कामावर जायला मोटार घ्यावी लागली."

हे वाक्य माझ्या उत्साहाला चांगलेच लागले, कारण आदल्याच रात्री मी यवतमाळच्या एका स्नेह्याला लांबलचक निरोप धाडला होता. मूर्तिजापूरहून यवतमाळकडे आणि अचलपूरकडे जाणारी शकुंतला ही आपली लहान रुळांची गाडी, दोन्ही फाटे मिळून सुमारे १९० किलोमीटर. वऱ्हाडचा कापूस बाहेर काढण्यासाठी ती घातली, पुढे ती गोरगरिबांची गाडी झाली, आणि आता तिच्या रुळांवर गवत आहे. तिच्या भरावावर अशीच वाट का करू नये, असा माझा प्रश्न होता. स्नेह्याचे उत्तर दुपारी आले, ते दोनच ओळींचे: "तुम्ही सायकली घेऊन या, स्वागत आहे. आम्ही अजून गाडीची वाट पाहतो." तेथे रुंद रूळ यावेत ही मागणी जुनी आहे आणि ती न्याय्य आहे. बसचे तिकीट ज्याला जड जाते त्याच्या आशेवर आपल्या सहलीचा मुरूम पसरणे मला बरे दिसेना. ज्या मार्गावर गाडी परत येणारच नाही हे पक्के ठरले असेल तेथे जरूर अशी वाट व्हावी; तीसुद्धा लवकर, भरावावर अतिक्रमणे होण्यापूर्वी. परंतु शकुंतलेविषयीचा माझा प्रस्ताव मी मागे घेतला आणि तसे कळवलेही.

ल्यागोस्तेरा सोडल्यावर पुन्हा तोच मायाळू उतार. हवेत खारटपणा आला, पाइन वृक्ष दिसू लागले, आणि सांत फेलिऊच्या वस्तीत वाट रस्त्यात विरून गेली. मोटारींच्या रांगेत शिरताच आम्ही आपोआप एकामागे एक झालो. बंदरावर पावाला टोमॅटो चोळून वर तेल घातलेला तिकडचा साधा खाऊ आम्ही खाल्ला आणि सायकली परत केल्या. सांत फेलिऊलाही आता आगगाडी नाही. बार्सिलोनाला जाण्यासाठी मोटारबस पकडावी लागली. तिला गर्दी होती. मला पुढे जागा मिळाली, कन्येला चार ओळी मागे.