न्हाणीतला उजेड

मुलांनो, डोळे मिटा आणि सांगा पाहू, तुमच्या घरातली सगळ्यांत अंधारी जागा कोणती? माळा? कोठीची खोली? आमच्या घरी ती होती न्हाणी. दुपारी बाराला आत गेलं तरी साबण चाचपडत शोधावा लागे. माझी मुलगी तर आत गाणं म्हणतच शिरायची. गाण्याची हौस म्हणून नव्हे हं, भीती वाटू नये म्हणून!

पण आधी चला माझ्याबरोबर आमच्या गावाला. भंडाऱ्याहून साकोलीकडे जाणाऱ्या महामार्गावर लाखनी लागतं. तिथून आत वळलात की दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या सुरू होतात. मध्येच पाण्याची एखादी बोडी, म्हणजे छोटा तलाव. भंडारा-गोंदियाचा मुलूखच तलावांचा. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला, पण तलावांना ते कुठे ठाऊक! जुन्या काळी कोहळी समाजाच्या लोकांनी इथे कितीतरी तलाव बांधले. बांध्या संपल्या की झाडांमागून लाल छपरं दिसू लागतात. तेच आमचं गाव.

इथे कौलांना कवेलू म्हणतात. जुन्या घरांवर कुंभारानं हातानं केलेले अर्धगोल कवेलू असतात. आमच्या न्हाणीवर मात्र चपटे, खाचांचे, साच्यातले 'इंग्रजी कवेलू' आहेत. नाव इंग्रजी असलं तरी असे कवेलू आपल्या देशातही, मंगळूरला बनू लागले. तिथे बाझेल मिशननं १८६५ साली असे कवेलू करायचा कारखाना काढला होता. हल्ली पुष्कळ जण कवेलू उतरवून टिनपत्रे टाकतात. त्यांना दोष कसा देणार? काळ्या तोंडाची वानरं छपरावरून एक धाव घेतात आणि दहा-वीस कवेलू सहज फोडून जातात.

तर आमची न्हाणी. एका कोपऱ्यात चूल, तिच्यावर पितळेचा गुंड, त्यात आंघोळीचं पाणी तापतं. मागच्या पावसाळ्यात एकदा लाईट गेली होती. आजी पहाटे उठून न्हाणीत गेली आणि फरशीवरच्या शेवाळावरून सटकन घसरली. हाड मोडलं नाही, एवढं नशीब. पण दोन महिने ती काठी घेऊन चालत होती. त्याहून वाईट म्हणजे ती मनातून भ्याली. रोज पहाटे आंघोळ करणारी आमची आजी उन्हं वर आल्याशिवाय न्हाणीत पाऊल टाकीना, आणि तेव्हाही दाराशी कुणीतरी उभं हवं.

मग थंडीत एक गंमत झाली. आम्ही मायलेकी फाट्यावर बसची वाट पाहत उभ्या होतो. तेवढ्यात चहाच्या टपरीपाशी एक मोठी गाडी थांबली. साधी गाडी नव्हे, चाकांवरचं घर! नागझिऱ्याच्या जंगलाकडे निघालेले एक काका-काकू तिच्यातच राहत, झोपत, स्वयंपाक करत. माझ्या मुलीचे डोळे एवढे मोठे झाले की काकूंनी तिला आत बोलावलं. आत कपाटाएवढी न्हाणी होती, आणि वर छपरात चौकोनी खिडकी! लख्ख उजेड. "ही काच नाही बरं का, ॲक्रिलिक आहे," काका म्हणाले. "घासलं की ओरखडे पडतात. म्हणून साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, बस्स." दुपारच्या उन्हात ते त्या खिडकीला आतून एक जाड गादी लावत, म्हणजे ऊन आत येत नसे.

बसमध्ये बसल्यावर मुलगी म्हणाली, "आई, आपल्या न्हाणीला काहून नाही अशी खिडकी?"

घरी आल्यावर तिनं आजीलाही तेच विचारलं. आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हाय ना. तुझ्या आजोबानं बसवला होता काचेचा कवेलू. आता कुठं गेला, पाय बरं!"

आम्ही कंदील घेऊन वर पाहिलं. सगळं काळंच काळं! शेवटी एका कवेलूवर काठीचं टोक घासलं, तर बारीकशी चकाकी दिसली. चुलीच्या धुरानं आतून काजळी चढली होती आणि बाहेरून पाचोळा नि शेवाळ. लग्न होऊन इतकी वर्षं मी या घरात आहे, पण त्याचा मला पत्ताच नव्हता.

कवेलू फेरणारे शेजारचे काका शिडी लावून वर चढले. (तुम्ही मात्र चढायचं नाही! काचेचा कवेलू माणसाचं वजन पेलत नाही.) त्यांनी तो अलगद खाली दिला. मुलीनं लगेच चिंच आणली. भंडारा पितळी भांड्यांचा जिल्हा ना, इथल्या पोरांना चिंचेचा गुण पाठ! पण कितीही घासलं तरी काचेला काही होईना. पितळेवरचा काळपटपणा चिंचेतल्या आम्लात विरघळतो. काजळी म्हणजे कोळशाची भुकटी आणि धुराचा चिकटा, तिला आम्लाची काय पर्वा! मग आजीनं कपड्यानं गाळलेली बारीक राख ओली करून दिली. राखेतले क्षार चिकटा सोडवतात. चारदा धुतल्यावर कवेलूतून आमच्या अंगणातला पेरू दिसायला लागला.

बसवताना आणखी एक गोष्ट कळली. या कवेलूपाशी न्हाणी नेहमी गळायची. काच तडकली असेल असं आम्ही धरून चाललो होतो. पण काकांनी पाहिलं आणि ते हसले. वरच्या कवेलूची कड नेहमी खालच्या कवेलूवर चढलेली असते, म्हणून पाणी घसरत पुढे जातं. मागे कुणीतरी छप्पर फेरताना काचेचा कवेलू वरच्या कवेलूच्या खाली सरकवायचं सोडून त्याच्यावरच ठेवला होता. मग पाणी फटीतून आत येणारच! शेवाळाचं मूळही तेच, ती ओल. आता जागा बरोबर झाली.

तरी उजेड मनासारखा पडेना. भिंती धुरानं काळ्या, त्या सगळा उजेड गिळून टाकत. म्हणून दोन हात चुना मारला. काय फरक पडला म्हणून सांगू! पांढरी भिंत उजेड परत फेकते, हे मी चौथीच्या मुलांना कितीदा शिकवलं असेल, पण न्हाणीत लावून पाहायचं कधी सुचलं नव्हतं. चुलीवर भिंतीत दोन विटा काढून झरोका ठेवला, म्हणजे धूर आणि वाफ तिथून निघून जाते.

वरून उजेड घ्यायची ही युक्ती काही आमची एकट्याची नाही. तुर्कस्तानातल्या जुन्या हमामांच्या, म्हणजे स्नानगृहांच्या, घुमटांना लहान लहान भोकं ठेवून त्यांत काचा बसवलेल्या असतात. उजेड भरपूर, आणि बाहेरून कुणी डोकावायची सोय नाही!

मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांकडे सरकतो. तेव्हा कवेलूवर धानाच्या तणसाची पेंढी बांधून ठेवली, काका-काकूंच्या गादीसारखी. मृगाआधी काढून टाकली.

आता रोज सकाळी चुन्याच्या भिंतीवर उजेडाचा एक तुकडा उतरतो आणि दिवसभर हळूहळू सरकतो. मुलगी कोळशानं त्याच्या खुणा करते. २६ मेच्या आसपास आमच्याकडे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवशी तुकडा कुठे पडतो ते पाहायचं म्हणून यंदा तिनं पेंढी मुद्दाम बाजूला करायला लावली. तो थेट कवेलूच्या खाली, फरशीवर पडला होता.

आजीनं काठी कोपऱ्यात ठेवली आहे. परवा दाराशी उभी राहायला गेले तर आतून आवाज आला, "जा वो बाई, शाळेला उशीर होईल तुले. उजेड दुसऱ्या खुणेवर आला!"