गोठ्यातला कॅन

गेल्या भाऊबीजेला ताई-भावोजी भालकीहून बोथला आले होते. जेवणं झाली, पानं झाली आणि धाकट्याने विषय काढला. कुठून आणला ते सांगेना, पण पाच लिटर स्पिरिटचा कॅन त्याने गोठ्यात ठेवला होता. ओढ्यावरच्या इंजिनात डिझेलबरोबर मिसळून घालायचा बेत!

‘दादा, पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल चालतं. नागपुरात तर अख्खी बस त्याच्यावर पळाली. मग माझ्याच इंजिनाला काय धाड भरलीय?’

भावोजींनी री ओढली. कर्नाटकच्या एसटीनेही डिझेलमध्ये ७.७ टक्के इथेनॉल घालून गाड्या चालवल्या होत्या. दोघांचंही खरं होतं, हीच पंचाईत.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबून तापलेल्या हवेनेच इंधन पेटतं आणि अल्कोहोल तसं सहजी पेटत नाही. २०१४ साली नागपुरात आलेल्या त्या हिरव्या बसचं इंजिनच वेगळं, हवा २८ पट दाबणारं. साधं इंजिन सतरा-अठरा पट दाबतं. शिवाय इंधनात पेट घ्यायला मदत करणारं रसायन होतं. ती सेवाही २०१८ मध्ये बंद झाली. कर्नाटकातसुद्धा दोन्ही एकजीव राहावीत म्हणून तिसरं द्रव्य घालावं लागे.

धाकट्याला पटेना. मग लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत डिझेल आणि स्पिरिट घालून, खूप हलवून देवळीत ठेवलं. सकाळी दोन थर! स्पिरिटमध्ये पाणी असतंच, त्याचं डिझेलशी पटत नाही. डिझेल पंपाच्या प्लंजरला वंगणही देतं, स्पिरिट देत नाही. ऐन हरभऱ्याच्या पाण्याला पंप जाम झाला तर? आणि लिटरमागे उष्णता डिझेलच्या जेमतेम ६० टक्के.

‘मग सरकार का म्हणतंय?’ तर २०२५ मध्ये खुद्द गडकरींनीच सांगितलं, डिझेलमध्ये इथेनॉलचा प्रयोग यशस्वी झाला नाही; आता आयसोब्युटेनॉलवर काम चालू आहे. तोही अल्कोहोलचाच चुलतभाऊ, पण डिझेलशी जरा जास्त जमवून घेणारा.

माझी खरी भीती मात्र वेगळीच होती. डिझेलची वाफ साध्या हवेत सहसा पेट घेत नाही. स्पिरिटची वीस अंशांच्या आतही घेते, डिझेलमध्ये मिसळलं तरी. आणि धाकटा इंजिनाला टेकून बिडी ओढतो. ताईसमोर हे बोलायचं नव्हतं, पण बोललो. तिचा चेहरा उतरला.

‘ब्याडप्पा, ब्याड,’ भावोजी एवढंच म्हणाले.

कॅन मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेला, स्पिरिटच्या दिव्यांना. त्याचे पैसे धाकटा अजून मागतोय.