नाकाची तयारी

प्रवासाची तयारी म्हणजे बॅग भरणें, ही आमची साठ वर्षांची समजूत गेल्या तीन महिन्यांत पार पालटली. येत्या जूनमध्यें आम्ही युरोपांत जाणार आहों. तेंही एकटे, आणि तेंही द्राक्षमळ्यांतून हिंडत वाइन चाखण्यासाठीं. हा बेत ऐकून आमच्या स्नेह्यांपैकीं निम्मे हंसले आणि उरलेल्या निम्म्यांनीं बरोबर येण्याची तत्परता दाखविली. घरीं मात्र कोणी हंसलें नाहीं. घरीं म्हणजे आमची ८४ वर्षांची आत्या. ऐन तारुण्यांत ती माहेरीं परत आली ती एका बाटलीपायीं. तिच्या यजमानांनीं आधीं पगार, मग तिचे दागिने आणि शेवटीं स्वतःचें आयुष्य त्या बाटलींत बुडविलें. तेव्हांपासून आमच्या घरांत मद्याचें नांवही कोणी काढीत नसे. अशा घरांतून वाइन चाखावयास निघणें म्हणजे काय, हें वाचकांस निराळें सांगावयास नको.

मग हा उद्योग आम्हांस सुचला कसा? त्याचें उत्तर आमच्या नाकापाशीं आहे. २०२१ सालच्या एप्रिलांत कोविडनें आम्हांस गांठलें. ताप चार दिवसांत उतरला, पण जातांना आमचें घ्राणेंद्रिय घेऊन गेला. ज्याला वास येतो त्याला वास न येण्याची कल्पना यावयाची नाहीं. फणस चिरला तरी घर मुकेंच. दूध करपून पातेलें काळें पडलें तरी आम्ही शेजारच्या खोलींत स्वस्थ वाचीत बसलेले. अन्नाच्या खारट, आंबट, गोड अशा मोजक्या चवी उरल्या. बाकी सारें जेवण म्हणजे ओला कागद. डॉक्टरांनीं गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास सकाळ-संध्याकाळ हुंगण्याचा अभ्यास सांगितला. चार लहान बाटल्या पुढें मांडून आम्ही संध्येला बसावें तसे नेमानें बसूं लागलों. पांच महिने कांहीं घडलें नाहीं. सहाव्या महिन्यांत एके सकाळीं आत्यानें मऊ भात, तूप आणि मेतकूट पुढें ठेवलें. पहिला घांस तोंडाशीं नेतांच मेथीचा एक पुसट, कडवट वास आला. आम्ही घांस तसाच हातांत धरून बसलों. "कां रे, मीठ कमी आहे?" आत्यानें विचारलें. आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं.

पुढें हळूहळू बाकीचे वासही परतले. पण सारे नव्हेत. मोगरा अजून अर्धाच येतो. हरवलेली वस्तु परत मिळाली म्हणजे माणूस ती पुन्हापुन्हा चांचपून पाहतो, तसें आमचें झालें. ज्यांचा सारा धंदा नाकावर चालतो अशा लोकांत जाऊन आपलें नाक कितपत टिकतें तें पाहावें, असें मनानें घेतलें. वाइन चाखणारा मनुष्य पेला आधीं नाकाशीं नेतो. जिभेची पाळी मागाहून येते. नाशिकच्या एका मळ्यांत आम्ही दोन दिवस उमेदवारीही करून आलों. तेथें एका पेल्यांत पेरूचा वास ओळखला आणि दुसऱ्यापाशीं भिंतीसारखे कोरे उभे राहिलों. तो दुसरा पेला आमच्या मनांतून अजून गेलेला नाहीं.

बेत असा आहे: जर्मनींतील मोझेल नदीच्या कांठीं आरंभ करावयाचा, तेथून फ्रान्सांतील आल्सास, मग बर्गंडींतील बोन, आणि शेवटीं स्वित्झर्लंडच्या सीमेलगतच्या जुरा भागांतील आर्ब्वा हें लहानसें गांव. एकट्याला हा प्रवास मोटारीनें करतां येत नाहीं, कारण चाखणारा आणि हांकणारा एकच. म्हणून सारा मार्ग आगगाडीचा व पायांचा. सप्टेंबरांत द्राक्षांची तोडणी चालते, तेव्हां लहान मळेवाल्याला पाहुण्याकडे पाहावयास सवड नसते. जूनमध्यें वेलींना फुलोरा येतो, त्याचाही मंद वास असतो म्हणतात. आगाऊ कळविल्यावांचून हे लहान मळेवाले सहसा भेटत नाहींत, म्हणून सात जणांस पत्रें धाडलीं. प्रत्येकाचा उलट प्रश्न एकच: किती जण येणार? लेखणी हातीं धरली कीं 'आम्ही' म्हणावयाची आमची जुनी खोड. त्यामुळें 'आम्ही येणार' असें लिहून त्याखालीं 'एक माणूस' असा खुलासा जोडावा लागला. शेंगेन व्हिसासाठीं निदान ३०,००० युरोंचा आजारपणाचा विमा लागतो, तोही उतरविला. विमापत्रांत नाकाचा उल्लेख आढळला नाहीं.

खरी तयारी झाली ती स्वयंपाकघरांत. जाणकार लोक वाइनमध्यें लिंबाची साल, गुलाब, मिरीं असें काय काय ओळखतात. ती थाप असावी असें पूर्वीं आम्हांस वाटे. पण ती थाप नव्हे. कांहीं तांबड्या वाइनना मिऱ्यांचा वास येतो तो मिऱ्यांत असलेल्या द्रव्यामुळेंच. आल्सासच्या गेवुर्त्सट्रामिनरमध्यें लिचीचा वास येतो, कारण लिचींतलें एक सुगंधी द्रव्य तिच्यांतही असतें. मोझेलच्या जुन्या रीस्लिंगला तर घासलेटासारखा वास येतो, आणि रसिक त्याचीही स्तुति करतात! मात्र जो वास कधीं घेतला नाहीं तो पेल्यांत ओळखतां येत नाहीं. म्हणून रोज रात्रीं मसाल्याचा डबा पुढें घेऊन, डोळे मिटून, एकेक वाटी ओळखण्याचा परिपाठ आम्हीं ठेवला. लवंग व दालचिनी यांत आम्ही तीनदां चुकलों. आत्या समोर बसून, परीक्षक असावी तशी, चूक दिसली कीं नुसती मान हलवीत असे. हा अभ्यास कशासाठीं, हें तिनें विचारलें नाहीं आणि आम्हींही सांगितलें नाहीं.

बॅगेचें काम त्या मानानें सोपें. पण तेथेंही नाक आडवें आलेंच. तळघरांत उन्हाळ्यांतही गारवा असतो, म्हणून लोकरीचा स्वेटर हवा. तो ट्रंकेंतून काढला तर डांबराच्या गोळ्यांचा घमघमाट. चार दिवस उन्हांत टाकला तेव्हां कोठें माणसांत आला. अत्तर, सुवासिक तेल, वासाचा साबण हीं सारीं वगळलीं, कारण एकाचें अत्तर शेजारच्या दहा जणांचे पेले नासवितें. डाग दिसूं नयेत म्हणून गडद रंगाचे सदरे घेतले; मोझेलच्या कांठचे मळे छपरासारखे उभे आहेत म्हणून पकड घेणारे बूट घेतले. एक वही, तीन पेन्सिली, रोजचीं औषधें. अभ्यासाच्या त्या चार बाटल्या विमानाच्या नियमाप्रमाणें पारदर्शक पिशवींत गेल्या.

आतां आर्ब्वाविषयीं. लुई पाश्चरचें बालपण या गांवीं गेलें, आणि वाइन कां बिघडते याचा छडा लावणाऱ्या या शास्त्रज्ञानें १८७४ सालीं गांवाजवळ स्वतःचा द्राक्षमळाही घेतला. परंतु आम्ही जातों तें पाश्चरसाठीं नव्हे. तेथें साव्हान्यँ नांवाच्या द्राक्षाची 'पिवळी वाइन' करतात. ती सहा वर्षांहून अधिक काळ पिंपांत मुरते. पिंपांतली वाइन उडून कमी होते ती एरवीं पुन्हा भरून काढतात. येथें ती तशीच कमी होऊं देतात, आणि वर यीस्टचा पातळ पापुद्रा धरतो. या मुरण्यांत सोटोलोन नांवाचें द्रव्य उत्पन्न होतें. तेंच द्रव्य मेथीच्या दाण्यांत असतें, आणि मेथीला तिचा वास मुख्यतः त्यामुळेंच येतो. हें वाचलें त्या रात्रीं आमचा बेत पक्का झाला.

शेवटीं आत्याला सांगणें प्राप्तच होतें. तिनें विचारलें, "पिणार का रे तूं?" आम्ही म्हणालों, "चाखणार. चाखणारे लोक तोंडांत घोळवून थुंकून टाकतात. पिकदाणी ठेवलेली असते." आत्यानें थोडा विचार केला व म्हणाली, "थुंकायचंच तर एवढ्या लांब कशाला जायचं?" यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. तिच्या उशाशीं द्राक्षासवाची बाटली असते. रोज रात्रीं दोन चमचे, तितक्याच पाण्यांतून. त्यांतही मद्यार्क आपोआप तयार होतो. तें मात्र आम्ही बोललों नाहीं. हा वाद जिंकण्याचा नव्हता.

परदेशांतून दोन लिटर मद्य जकातीवांचून आणतां येतें. पिवळ्या वाइनची खास बाटली ६२० मिलिलिटरांची असते. तीन बाटल्यांचे १,८६० मिलिलिटर होतात. हा हिशेब करून बॅगेंत तेवढी जागा आम्हीं मोकळी ठेविली होती. आत्या बॅगेपाशीं येऊन बसली आणि ती जागा कशासाठीं म्हणून तिनें विचारलें. आम्हीं खरें तें सांगितलें. बराच वेळ ती बोलली नाहीं. मग म्हणाली, "नाकासाठीं जातोयस, ते कळतं मला. जा. पण बाटली या घरात आणूं नकोस." आम्हीं होय म्हटलें, आणि तें मनापासून म्हटलें.

दुसऱ्या दिवशीं पाहतों तों त्या मोकळ्या जागेंत मेतकुटाचा डबा आणि तुपाची बरणी. तूप काढावें लागलें, कारण दूधदुभत्याचे जिन्नस युरोपांत नेऊं देत नाहींत. डबाही काढावयास हवा होता. त्याला दुहेरी फडकें बांधलेलें असूनही सबंध बॅगेला वास लागला आहे, आणि स्वेटराला दिलेलें चार दिवसांचें ऊन फुकट गेलें आहे. तरी तो आम्हीं काढला नाहीं. आतां आर्ब्वाच्या तळघरांत पेला नाकाशीं नेल्यावर मेथीचा वास आलाच, तर तो पेल्यांतून आला कीं बाहींतून, हें ठरविणें आम्हांस कठीण जाणार. तेथील मळेवाल्याला तशी आगाऊ सूचना देणारें पत्र आम्हीं कालच टाकलें.