खेळायलाच घेतलाय!

घरात नवी वस्तू आली की आपल्याकडे दोन प्रश्न येतातच. पहिला, 'केवढ्याला पडली?' आणि दुसरा, 'कशासाठी घेतली?' पहिल्याचं उत्तर सोपं. खऱ्या किमतीतून हजारभर रुपये कमी करून सांगायचे, की झालं. दुसऱ्या प्रश्नाला मात्र तयारीनिशी जावं लागतं. मिक्सर वाटणासाठी, फ्रीज दुधासाठी, स्कूटी क्लासला जायला. डोंबिवलीतल्या आमच्या वन बीएचकेत आजवर एकही वस्तू आपला उपयोग सांगितल्याशिवाय उंबरठा ओलांडून आत आलेली नाही.

२००६ साली पहिला कॉम्प्युटर आला, तोही अर्थातच 'अभ्यासासाठी'. मी तेव्हा नऊ वर्षांची आणि धाकटा पाचचा, म्हणजे अभ्यास काय तर पाढे आणि शुद्धलेखन! पण तो काळच तसा होता. एमएस-सीआयटीचे क्लास गल्लोगल्ली निघालेले, आणि घरात कॉम्प्युटर नसेल तर पोरांचं पुढे कसं होणार, या टेन्शनमध्ये अख्खी सोसायटी. बाबांच्या ओळखीतल्या एका मुलाने पार्ट आणून जोडून दिला. पेन्टियम फोर, २५६ एमबी रॅम, ८० जीबीची हार्ड डिस्क आणि पोटुशा मॉनिटर. आईने त्याला झालरीचं कव्हर शिवलं. त्यावर अभ्यास किती झाला ते विचारू नका, रोड रॅश मात्र सॉलिड खेळलो. तेही चोरून, बाबा कंपनीतून यायच्या आत, आणि लोडशेडिंग सांभाळून. जिन्यात चपलांचा आवाज आला की मी झटकन वर्ड उघडायचे आणि 'माझा आवडता सण' टाइप करायला लागायचे. तो निबंध माझ्याइतका कोणी लिहिला नसेल!

गंमत म्हणजे तेव्हा 'असेम्बल्ड' हा शब्द जरा खालच्या आवाजात उच्चारला जायचा. ज्यांना परवडायचं ते 'ब्रँडेड' घ्यायचे, बाकीचे आमच्यासारखे. आज चित्र उलटं आहे. गेमिंगचा पीसी स्वतः पार्ट निवडून जोडलाय, असं सांगताना ऑफिसातली पोरं कॉलर ताठ करतात.

तर, २०२४चा ऑगस्ट. धाकटा ऐरोलीत रात्रपाळी करतो. सकाळी घरी येतो, झोपतो, संध्याकाळी डबा घेऊन निघतो. मी फ्रीलान्स पत्रकार, म्हणजे माझ्या कामाला सुरुवात असते पण शेवट नसतो. एकाच घरात राहून आमची भेट व्हायची ती बाथरूमच्या दाराशी. 'झालं का तुझं?' एवढाच संवाद. अशाच एका सकाळी तो ब्रश तोंडात धरून म्हणाला, "ताई, एक पीसी बांधू या. गेमिंगचा."

माझ्या तोंडून सवयीने निघालं, "चालेल, माझ्या व्हिडिओ एडिटिंगलाही होईल."

"एडिटिंगला तुझा लॅपटॉप आहे. हा खेळायलाच."

हे वाक्य आमच्या घरात याआधी कोणी उच्चारलेलं नव्हतं. मी दिवसभर तेच डोक्यात घोळवत होते.

बजेट ठरलं ५५ हजार. त्याचे २५, माझे ३०. (माझे तीस एका जुन्या असाइनमेंटचे होते. तो चेक इतक्या उशिरा आला की मी त्यावर पाणी सोडलेलं, त्यामुळे उडवायला जीव दुखला नाही.) मॉनिटर आणि कीबोर्ड लॉकडाउनमध्ये घेतलेले होतेच. आता तुम्ही म्हणाल, एवढ्या पैशांत तयार गेमिंग लॅपटॉप नसता का आला? आला असता. पण त्या किमतीत आतलं ग्राफिक कार्ड बेताचं असतं, आणि लॅपटॉपमधलं कार्ड पुढे बदलता येत नाही. चार वर्षांनी ते दमलं की अख्खा लॅपटॉप दमला.

सुटे पार्ट निवडायचा फंडा वेगळा आहे. इथे प्रत्येक पार्ट तुम्हाला विचारतो, तुला नक्की काय हवंय? आणि थापा चालत नाहीत. 'सगळ्यालाच होईल असा' कॉम्प्युटर ५५ हजारांत होत नाही. एक्सेलची शीट उघडून धाकट्याने हिशोब मांडला, तेव्हा जवळपास चाळीस टक्के पैसे एकट्या ग्राफिक कार्डाला गेले. मी म्हटलं, प्रोसेसर जरा भारी घे ना. तर म्हणे, एक बैल खिलारी आणि दुसरा मरतुकडा असेल तर गाडी मरतुकड्याच्याच चालीने जाणार. गेममध्ये चित्र रंगवायचं काम कार्डाचं. ते दमत असेल तर भारी प्रोसेसर नुसता वाट बघत बसतो.

शेवटी प्रोसेसर ठरला एएमडीचा रायझन ५ ५६००. सहा कोअर, आणि बॉक्समध्ये कूलर फुकट. २०१७ साली पहिले रायझन ज्या एएम४ सॉकेटवर आले, त्याच सॉकेटवर २०२२ साली आलेला हाही बसतो. म्हणजे बोर्ड आणि रॅम जुन्या पिढीची, स्वस्तातली घेता येते. याच्या पोटात चित्र दाखवायची सोय नाही. ग्राफिक कार्ड नसेल तर स्क्रीन काळीच. आम्हाला कार्ड घ्यायचंच होतं, मग त्या सोयीचे पैसे कशाला मोजा? कार्ड घेतलं रेडिऑन आरएक्स ६६००. ८ जीबीचं, फुल एचडी मॉनिटरला पुरून उरणारं, आणि वीज खाणार १३२ वॉट. रॅम १६ जीबी, पण ८-८च्या दोन पट्ट्या, कारण त्यामुळे प्रोसेसरला एकाच वेळी दोन वाटांनी माल पोचतो. ५०० जीबीची एसएसडी. कॅबिनेट सगळ्यात साधं, फक्त समोरून जाळी हवी, हवा खेळायला. रंगीत दिव्यांचे पंखे धाकट्याने स्वतःहून खोडले. खोडताना चेहरा बघण्यासारखा होता.

खरेदीची सुरुवात ठाण्यातून केली. तिथल्या एका दुकानात पैसे माझ्या पर्समध्ये, प्रश्न मी विचारतेय आणि दुकानदार उत्तरं देतोय धाकट्याकडे बघून! तिसऱ्या उत्तरानंतर धाकटा म्हणाला, "त्यांना सांगा, मी नुसता हमाल आहे." आम्ही कोटेशन घेतलं आणि निघालो. त्याउलट कल्याणचा दुकानदार. आम्ही कॅबिनेटबद्दल विचारलं, तर त्याने आधी हात जोडले. "ताई, काहीही करा, कॅबिनेटबरोबर फुकट येणारा एसएमपीएस वापरू नका." एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज पार्टांना झेपेल अशी करून वाटणारा डबा. त्यावर ४५० वॉट छापलेलं असतं, पण छापायला काय जातं? बिघडला तर एकटा जात नाही, शेजाऱ्यांना घेऊन जातो. त्याने ८० प्लस ब्राँझवाला ५५० वॉटचा काढून दिला. नुसत्या ८० प्लसचा अर्थ असा, की भार पाव असो की पूर्ण, घेतलेल्या विजेतली किमान ८० टक्के पार्टांपर्यंत पोचते. ब्राँझ म्हणजे त्याहून एक पायरी वर. चार हजार रुपये. शीटमध्ये आम्ही अडीच हजार धरले होते. वरचे दीड हजार मी दिवाळीच्या ड्रेसमधून वळते केले.

बाकीच्या पार्टांसाठी लॅमिंग्टन रोडला पर्याय नाही. रविवारी तिथे बहुतेक शटर खाली असतात, म्हणून शनिवार गाठला. डोंबिवलीहून जलद लोकलने दादर, आणि तिथून पश्चिम रेल्वेची धीमी, कारण ग्रँट रोडला फास्ट थांबत नाही. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचा गव्हर्नर होता. पाटीवर आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, तरी कॉम्प्युटरवाल्यांच्या तोंडी अजून लॅमिंग्टनच. आधी स्टेशनबाहेरच्या मेरवानमध्ये मावा केक खाल्ला (रिकाम्या पोटी घासाघीस करू नये, हा आईचा नियम), मग रस्त्याला लागलो.

एका गाळ्यात तेच कार्ड सेकंडहँड, निम्म्याहून थोड्या जास्त पैशांत मिळत होतं. मोह झाला, खोटं का बोला! २०२१च्या आसपास अशी कार्डं लोकांनी इथेरियम हे क्रिप्टो चलन काढायला रात्रंदिवस जुंपली होती. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमने आपली पद्धतच बदलली, कार्डांची गरज संपली आणि ती सगळी जुन्या बाजारात आली. समोरचं त्यातलंच असेल असं नाही, पण बिल नव्हतं. धाकट्याने ते परत ठेवलं. "रात्रपाळी करून दमलेला मी एकटा पुरे." नवं घेतलं, साडेवीस हजारांना. बिलावर सीरियल नंबर लिहून घेतला, कारण सुट्या पार्टांत वॉरंटी प्रत्येकाची वेगळी. खोकीही जपायची. ती आता आमच्या माळ्यावर आहेत, आईच्या कुरडयांच्या डब्याच्या जागी. यावर घरात अजून तह झालेला नाही.

परतीला कॅबिनेट एवढं मोठं, की सरळ लगेजचा डबा गाठला. रिकामी पाटी घेऊन बसलेल्या एका मावशींनी विचारलं, "काय हाय गं खोक्यात?"

"कॉम्प्युटरचा डबा, मावशी."

"आन् कॉम्प्युटर?"

"तो या पिशवीत."

"म्हंजी एवढा मोठा डबा रिकामाच?" मावशींनी स्वतःच्या पाटीकडे बघितलं आणि जोरात हसल्या. ठाणं येईपर्यंत हसत होत्या.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. कंपनीच्या कँटीनमध्ये कॅरमला त्यांच्यासमोर बसायला लोक कचरायचे, असं त्यांचे मित्र सांगतात. घरी मात्र बोर्ड कधीच आला नाही. जागा कुठे होती? आणि कशासाठी घेतला, हे काय सांगणार? पीसीबद्दल ते बरं-वाईट काही बोलले नव्हते. फक्त आठवडाभर आधी टेस्ट लॅम्प घेऊन हॉलमधलं सॉकेट तपासलं, अर्थिंगची वायर सैल निघाली, ती घट्ट केली. "डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतील नाहीतर." बस.

जोडणी दसऱ्याला, १२ ऑक्टोबरला. चटईवर चादर, चादरीवर पार्ट. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि जोर अजिबात लावायचा नाही. खाली १३३१ पिना असतात, त्यातली एक वाकली तरी संपलं. ते धाकट्याने श्वास रोखून केलं. मग कूलरची पाळी आली. त्याला चार कोपऱ्यांत चार स्क्रू. धाकटा पहिला आवळायला घेणार, तोच पेपरामागून आवाज आला.

"एक पूर्ण नाही आवळायचा. समोरासमोरचे घे. थोडा हा, थोडा तो."

धाकट्याने माहितीपत्रक उलटून बघितलं. तिथेही तेच, तिरप्या क्रमाने. त्याने काही न बोलता स्क्रूड्रायव्हर बाबांच्या हातात दिला. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, खाली बसले आणि चारही स्क्रू असे बसवले, की बघत राहावं. निवृत्तीनंतर चार वर्षांनी त्यांच्या हातात मशीनचं काम आलं होतं. मग उठले, तोरणातलं एक झेंडूचं फूल काढलं आणि कॅबिनेटवर ठेवलं. कारखान्यात दर दसऱ्याला लेथवर ठेवायचे तसं. पाकळ्या पंख्यात जातील म्हणून धाकट्याचा जीव खालीवर, पण फूल त्याने हलवलं नाही.

बटण दाबलं. पंखे फिरले, स्क्रीन काळी. पाच सेकंद, दहा सेकंद... आणि मग आली एकदाची! आईने टाळ्या वाजवल्या. नक्की कशाबद्दल, ते तिला माहीत नव्हतं.

हिशोब झाला ५३ हजार तीनशेचा. उरलेल्या पैशांतून दोन कंट्रोलर घेतले आणि 'इट टेक्स टू' हा गेम. २०२१चा आहे आणि तो एकट्याला खेळताच येत नाही. दोघं लागतातच. दर रविवारी दुपारी, मेगाब्लॉकमुळे कुठे जाण्याचा प्रश्न नसतो तेव्हा, आम्ही दोघं चटईवर बसतो. एक उडी मारतो, दुसऱ्याने दोर धरायचा. एखाद्या पुलावर अर्धा तास अडकलो की मधेच बोलणं निघतं. रात्रपाळी सोडायची म्हणतोय, हे त्याने मला असंच एका पुलावर सांगितलं. स्क्रीनकडे बघत. बाथरूमच्या दाराशी हे झालं नसतं. त्यानंतर आम्ही पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' लावला. २०२०चा तो गेम एकट्याचा आहे, म्हणून पाळीपाळीने खेळलो.

मधल्या काळात एक झालं. बोर्डावर रॅमचे दोन खाचे रिकामे आहेत, ते पुढे कधीतरी भरू असं ठरलं होतं. पण २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि आमच्यासारख्या पट्ट्यांचे भाव दुपटीच्याही पलीकडे गेले. डिसेंबरात मायक्रॉनने तर ग्राहकांसाठीचा आपला 'क्रुशल' ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. कल्याणच्या त्या दुकानदाराला फोन केला, तर म्हणाला, "ताई, आहे तेवढ्यात खेळा."

समोरच्या काकू परवा साखर मागायला आल्या होत्या. त्यांची नजर थेट कॅबिनेटवर. "अगं बाई, केवढा मोठा! मुलांनी कामासाठी घेतलाय वाटतं?" मी तोंड उघडणार, तोच बाबा म्हणाले, "नाही, खेळायला." आणि पेपराचं पान उलटलं.

काकू गेल्यावर, पेपर खाली न घेताच त्यांनी विचारलं, "यात कॅरम असतो का रे?"

"असतो," धाकटा म्हणाला. "पण रविवारी आम्ही दोघं आहोत. नंबर लावा."