तालीम, दोन्ही अर्थांनी

आम्ही उर्दूवाले तालीम म्हणतो ते शिक्षणाला. मराठीत तालीम म्हणजे आखाडा, तांबड्या मातीत जोर-बैठका काढायची जागा. शब्द एकच, अरबीतून आलेला, मूळ अर्थ शिकवणे. मराठीने तो शरीराच्या शिकवणीला दिला. बी.एड. करताना मला याची गंमत वाटे. दहावीचा वर्ग हातात आल्यापासून वाटते, की आपल्या मोहल्ल्यांनी त्यातला एकच अर्थ ठेवला. मुलींच्या बाबतीत तर नक्कीच.

शाहू महाराजांनी कोल्हापुरात दोन्ही तालमींना हात दिला होता. मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी १९०६ साली मोहामेडन एज्युकेशन सोसायटी निघाली ती त्यांच्या पुढाकाराने, आणि कुस्तीसाठी खासबागेचे मैदान बांधले तेही त्यांनीच. मी शिकवते ते मालेगाव. इथे पहाटेपासून यंत्रमागांचा खडखडाट, शुक्रवारी तेवढी शांतता.

माझ्या वर्गातल्या मुलीचा दिवस असा : फजरला उठणे, कुराणाचा सबक, मग घरातली भांडी, धाकट्या भावंडांचे डबे, गृहपाठ. बाराला शाळा, साडेपाचला सुटी. थंडीत त्यानंतर थोड्याच वेळात मगरिबची वेळ होते. पुढे ट्यूशन, स्वयंपाकात मदत, अभ्यास. मुलाला निदान मशिदीत जाता-येता, नाक्यावर उभ्या-उभ्या चेंडू टोलवता हातपाय हलवता येतात. मुलगी मात्र रिक्षातून शाळेत, रिक्षातून घरी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले, की ५ ते १७ वयाच्या मुलांनी आठवड्याची सरासरी धरून रोज ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी, आणि हाडे व स्नायू बळकट करणारे श्रम आठवड्यातून तीन दिवस तरी व्हावेत. साठ मिनिटे ऐकूनच मुली हसतात. पण ती एका दमात करायची नाहीत. दहा इथे, पंधरा तिथे, सगळी जमेस धरली जातात. धावपळीच्या विद्यार्थ्याला या हिशेबाचाच आधार आहे. रिक्षा एक वळण आधी सोडली की दहा मिनिटे झाली. मधल्या सुट्टीत दोरीवरच्या उड्या मारल्या की आणखी दहा. रात्री अभ्यासात झापड येते तेव्हा चहा मागण्याऐवजी जिना चार वेळा चढावा. दोरी स्वस्त आहे आणि जागा चटईएवढी लागते. वाढत्या वयात हाडे भरतात तेव्हा उड्यांचा फायदा हाडांनाही होतो.

दोन गोष्टी मला वारंवार ऐकाव्या लागतात. एक, नमाज हाच व्यायाम आहे. नमाज इबादत आहे, तिने शरीर सैल होते हेही खरे, पण तिने दम लागत नाही, आणि लागावा म्हणून ती अदा केलीही जात नाही. इबादतीला आळसाची सबब बनवू नये, एवढेच माझे म्हणणे. दुसरी, आमची पोरे कांड्या भरतात, त्यांना वेगळा व्यायाम कशाला? आठ तास एका जागी उभे राहून, कापसाची धूळ नाकात घेऊन येतो तो थकवा. त्याला व्यायाम म्हणणाऱ्याने एक दिवस कारखान्यात उभे राहून पाहावे.

रक्ताचे मात्र आधी बघावे लागते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. जिना चढताना जी भिंतीला धरते, तिला दोरी देण्याआधी दवाखान्यात पाठवते.

नववीतल्या एका मुलीची अम्मी शाळेत आली. म्हणाली, "आपा, लडकी बड़ी हो गई, अब उछल-कूद अच्छी लगती है क्या?" मी हजरत आयेशांची गोष्ट काढली. प्रवासात प्रेषितांनी (स.) त्यांच्याशी धावण्याची शर्यत लावली, एकदा त्या जिंकल्या, पुढे कधीतरी प्रेषित जिंकले, अबू दाऊदच्या संग्रहात हा प्रसंग आहे. बाई हसल्या. "वो सब सही है आपा, लेकिन हमारी छत को दीवार नहीं है."

मला वाटले होते, अडचण धर्माची असेल. अडचण होती चार फुटांच्या कठड्याची, समोरच्या इमारतीच्या खिडक्यांची. मग त्याच बाईंनी तारेवर जुन्या चादरी टाकून आडोसा केला. आता तिथे शेजारच्या दोन मुलीही असतात.

शाळेत अडचण वेगळी. आरोग्य व शारीरिक शिक्षणाला दहावीला श्रेणी मिळते, टक्केवारीत ती धरत नाहीत, म्हणून पी.टी.चा तास सर्वांत आधी भूमितीला जातो. भूमितीच्या सरांना मी दोष देत नाही, निकाल त्यांच्याकडे मागितला जातो. मी एवढेच सुचवले, की तास घ्या, पण पहिली दहा मिनिटे मुलींना उभे करा. उत्तर आले : सहामाहीनंतर बघू.

तोवर मधली सुट्टी आहे. पहिल्या मजल्यावरच्या व्हरांड्यात दोरी सुरू झाली, तेव्हा खालच्या वर्गाने छत दणाणते म्हणून तक्रार केली. हल्ली दोरी पाण्याच्या टाकीमागे असते. जमीन तिथे थोडी ओली असते, म्हणून मुली चपला काढून ठेवतात.