चौदावे कर्मादान



प्रतिक्रमणात सातव्या व्रताचे अतिचार येतात, तेव्हा पंधरा कर्मादाने आपण एका दमात म्हणून टाकतो. कोळसे पाडण्याचा धंदा, जंगलतोडीचा धंदा, हस्तिदंताचा, विषाचा... आपल्यापैकी कोणाच्या घरी हस्तिदंताचा व्यापार आहे? त्यामुळे तोंड चालते आणि मन उद्याच्या डब्यात असते. चौदावे येते ‘सर-द्रह-तडाग-शोषण’. म्हणजे सरोवर, डोह, तळे आटवणे. लहानपणी मला वाटायचे, तळे कोण कशाला आटवेल? करंजाला राहायला आल्यावर कळले की आटवतात, आणि त्यासाठी पंपसुद्धा लागत नाही.

करंजा माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. पनवेलहून उरणला यायचे आणि उरणच्या पुढे द्रोणागिरीच्या डोंगराला वळसा घालून खाडीच्या तोंडाशी. समोर रेवस, मध्ये लाँच. गाव कोळी-आगरी लोकांचे. आमचे किराणा दुकान, म्हणून सगळे मला शेठाणी म्हणतात. जैन बाईने मच्छीमारांच्या गावात कसे राहावे, याचे प्रश्न मला माहेरी अजून विचारले जातात. त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

खाडीच्या कडेने तिवरांची झाडे आहेत. सरकारी भाषेत कांदळवन. चिखलातून पेन्सिली उभ्या कराव्यात तशी त्यांची मुळे वर येतात, कारण चिखलात हवा नसते आणि मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. वनस्पतिकाय जीव श्वास घेतो हे आपण पाठशाळेत शिकलो, इथे ते ओहोटीला उघड्यावर दिसते. भरतीचे खारे पाणी दिवसातून दोनदा आत आले पाहिजे आणि बाहेर गेले पाहिजे, एवढीच त्यांची मागणी. खारबंदिस्तीच्या बांधात पाण्याच्या ये-जा करण्याला जागा ठेवलेली असते, तिला इथे उघाडी म्हणतात.

तर आमच्या बाजूची एक उघाडी मागच्या उन्हाळ्यात भरावाखाली गेली. कोणी टाकला ते मी लिहीत नाही. डंपर रात्री यायचे. कोणी एका झाडाला कुऱ्हाड लावली नाही. पण पावसाळ्याआधी आतली तिवरे पिवळी पडायला लागली, चिखलाला भेगा गेल्या, आणि त्या भेगांत शिंपले, खेकडे, गोगलगायी तोंड उघडून मेलेल्या. वास दुकानापर्यंत यायचा. चौदावे कर्मादान मला तेव्हा कळले.

आता झाडांचा मालक कोण हे शोधायला निघालात तर डोके चक्रावते. पनवेल शहरात असता तर गोष्ट सोपी. १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महानगरपालिका झाली आणि शहरांसाठीचा १९७५ चा झाडांचा कायदा तिथे लागू आहे. वृक्ष प्राधिकरण असते, दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची असते, झाड तोडायचे तर अर्ज, नोटीस, हरकती मागवणे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांच्या आणि त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हटले, आणि तोडलेच तर त्या झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावायची असे ठरले. ऐंशी वर्षांच्या वडाला ऐंशी रोपे. रोप आणि वड हा हिशोब मला दुकानदारीतही पटला नसता, पण निदान हिशोब मांडायला कोणीतरी आहे. तुमच्या सोसायटीबाहेर झाडाच्या बुंध्याला सिमेंटचा गळफास बसला असेल, तर पालिकेच्या उद्यान विभागाला लिहा. बुंध्याभोवती माती मोकळी करून द्या म्हणावे. हे काम फोनवर होत नाही, लेखी द्यावे लागते.

करंजा मात्र चाणजे ग्रामपंचायतीत. तो शहरी कायदा इथे येत नाही. गावांसाठी १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे, आणि त्यात परवानगीशिवाय तोडू नयेत अशा झाडांची यादी आहे. साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, खैर वगैरे सोळा. तिवर त्यात आहे. वड-पिंपळ नाहीत, आणि आमच्या गावाच्या नावासारखे नाव असलेले करंजही नाही! म्हणजे ज्या वडाखाली वटपौर्णिमेला अर्धे गाव उभे राहते, त्याचे भवितव्य ग्रामपंचायतीच्या मर्जीवर.

तिवराला उलट सगळ्यांचे संरक्षण. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तोडीवर बंदी घातली. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात तर म्हटले की कांदळवन नष्ट करणे म्हणजे माणसाच्या जगण्याच्या हक्कावरच घाला. भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकाम नको, सरकारी जागेवरचे कांदळवन वनखात्याच्या ताब्यात द्या. वनखात्याचा त्यासाठी वेगळा कांदळवन कक्ष आहे. २०२० मध्ये महाराष्ट्राने पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून जाहीर केला. इतके सगळे संरक्षण असूनही झाड मरायला एक भराव पुरतो, कारण पंचनामा करणारा आधी तोडलेला बुंधा शोधतो. पाणी थांबवले याचा बुंधा कुठे दाखवायचा? आमच्याच तालुक्यात पाणजे म्हणून मोठी पाणथळ जागा आहे, रोहित पक्षी येतात. तिथेही वर्षानुवर्षे तक्रार हीच, की भरतीच्या पाण्याची वाट अडवली जाते आणि जागा कोरडी पडते.

आमच्या शेजारच्या कोळी मावशी एका सकाळी कागद घेऊन दुकानात आल्या. तहसीलदार आणि कांदळवन कक्षाच्या नावाने अर्ज, खाली चाळीसएक सह्या आणि अंगठे. “शेठाणी, तुजी पन सही पायजे. तिवरा गेली तं कोलंबी कुठशी येनार गो?”

मैत्रिणींनो, माझा हात तिथेच थांबला. त्या म्हणत होत्या ते शंभर टक्के खरे. मासळीची आणि कोळंबीची पिल्ले तिवरांच्या मुळांतच वाढतात. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसी यांना उरण-पनवेल परिसरातल्या १६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, तो याच कारणाने: भराव झाला, भरतीची वाट गेली, तिवरे गेली आणि पोट गेले. पण अर्जात सरळ लिहिले होते, ‘मासेमारीचे नुकसान होत आहे’. त्याखाली सही म्हणजे करणे, करवणे आणि अनुमोदन यांतले तिसरे झाले की नाही? सासूबाई आतून म्हणाल्याच, “तुझ्या सहीने त्यांचे जाळे भरणार.”

मी मावशींना संध्याकाळपर्यंत थांबायला सांगितले. त्यांना राग आला नाही. पर्युषणात आम्ही दुकान बंद ठेवतो तेही त्या कधी विचारत नाहीत.

त्या वेळी पनवेलच्या स्थानकात महासतीजींचा चातुर्मास होता. दुपारच्या बसने गेले आणि विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही, उलट मलाच विचारले, “पाणी अडवले तेव्हा कोण कोण मेले ते मोज.” मी बसमध्ये मोजत आले. अप्काय, त्या चिखलातले बेइंद्रिय शिंपले, पंचेंद्रिय मासे, बेडूक, झाडे, घरट्यातली बगळ्यांची पिल्ले. जाळ्यात काही अडकतात, उरलेले पोहून जातात. आटलेल्या खाजणातून कोणीच पोहून जात नाही. आणि सासूबाईंचे म्हणणे चूक नव्हते, हेही खरेच आहे. त्या अर्जातल्या वाक्याला माझा होकार नव्हता.

म्हणून मी दुसरा अर्ज लिहिला. त्यात मासळीचा शब्द नाही. उघाडीची जागा, भराव कधीपासून आहे, किती तिवरे पिवळी पडली, ओहोटीच्या वेळी काढलेले फोटो, आणि मागणी एकच: भराव काढून भरतीचे पाणी पूर्ववत आत सोडावे. मावशींना वाचून दाखवला. “दोन अर्ज झालं, बरा झाला,” म्हणत त्या हसल्या आणि माझ्या अर्जावर पहिला अंगठा त्यांनीच लावला. दुसरा सासूबाईंचा. त्या सही करतात, पण मावशींचे बघून त्यांनीही अंगठाच लावला.

एक गोष्ट तुमच्या उपयोगाची. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असली पाहिजे आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवली पाहिजे. गावातली झाडे, पाणथळ जागा, पक्षी, औषधी वनस्पती यांची नोंद त्यात होते. एकदा नोंद झाली की उद्या कोणी ‘इथे काही नव्हतेच’ म्हणू शकत नाही. समितीत तिसरा हिस्सा तरी बायकांचा हवा. आपल्याकडे जीवदयेसाठी पांजरापोळला पावती फाडणारे खूप आहेत, ते चांगलेच आहे, पण या समितीच्या बैठकीला जाणारी बाई मला अजून आपल्या समाजात भेटलेली नाही.

भराव अर्धा निघाला आहे. पाइप टाकून पाण्याला वाट दिली, पण पाइप लहान आहे आणि भरती मोठी. पुढच्या ग्रामसभेत नोंदवहीचा विषय घ्यावा म्हणून आम्ही अकरा जणींनी ग्रामपंचायतीत पत्र दिले आहे, पोच घेतली आहे. वडाचे आणि पिंपळाचे घेर मोजायचे काम माझ्याकडे आले. काल दुकानातली कापड मोजायची टेप घेऊन गेले, ती वडाला पुरली नाही. उद्या सुतळी नेणार.